उतरलेले सेल

शिरूर-दौंड भागात एके काळी मला 'इंग्रजीवाली' म्हणायचे. इंग्रजीत मी नापास होत आले होते, ती गोष्ट वेगळी. शिरूरच्या एका फोटो स्टुडिओनं माईक धरलेला माझा फोटो काचेत लावला होता, नवरा-नवरींच्या फोटोंच्या मधोमध. निमोण्याच्या एसटीत कंडक्टर कुणाला तरी उठवून मला खिडकी द्यायचा. जत्रेची सुपारी घेऊन येणारी मंडळी आधी विचारायची की ती बाई येणार आहे ना, आणि मगच चहाला हात लावायची.

आता हे सांगितलं की कंपनीतल्या पोरी एकमेकींकडे बघून हसतात. हसू देत. माझा आवाज ऐकून त्यांनी दुसरं करावं तरी काय? घशातून वारा निघतो, त्यात शब्द असतात, एवढंच.

खरा आवाज घडला तो माळावर. आमचं घराणं मेंढरं वळणारं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निमोण्याच्या शिवारात वस्ती केली, ज्वारी-कांदा करायला लागले, तरी थोडी मेंढरं राखलीच. संध्याकाळी भाकरी झाल्या की आबांना हाक मारायचं काम माझ्याकडं होतं. आबा ओढ्याच्या पार पलीकडं. हाक गळ्यातून काढली की ओढ्यातच पडते, पोटातून काढावी लागते, हे मला कुणी शिकवलं नाही. पलीकडून आबांचं लांबलचक "व्हय" यायचं आणि मागोमाग मेंढरांची धूळ दिसायची.

दहावीनंतर मला शिकायला दौंडला मामाकडं ठेवलं. मामा रेल्वेत खलाशी, म्हणजे शेडमधला मदतनीस. त्याच्या क्वार्टरच्या मागच्या ओळीत मालगाडीवरचे एक गार्ड राहायचे, ख्रिस्ती, रिटायर व्हायला आलेले. सगळी कॉलनी त्यांना अंकल म्हणायची. अंकल गिटार वाजवायचे आणि त्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता. नाताळात रेल्वेच्या हॉलमध्ये इंग्रजी गाणी, बाकी वर्षभर गणपती, जत्रा, लग्नं. मी नळावरून मामीला हाक मारली ती त्यांनी ऐकली आणि संध्याकाळी दारात येऊन उभे राहिले. मामाला वाटलं, गलका केल्याची तक्रार घेऊन आलेत. तो आधीच माफी मागून मोकळा झाला, पण अंकल मला ऑर्केस्ट्रात मागायला आले होते.

दिवाळीच्या सुट्टीला निघताना अंकलनी मला एका परदेशी रॉक गायिकेची कॅसेट दिली. कव्हर कधीच हरवलेलं, त्यामुळं ही बाई दिसते कशी तेही मला ठाऊक नव्हतं. गाण्याचे शब्द त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर देवनागरीत लिहून दिले होते. अर्थ विचारला तर म्हणाले, दुःख आहे, तू गा.

वस्तीवर तेव्हा लाईट नव्हती. आबांचा टेप सेलवर चालायचा. नवे सेल शिरूरच्या बाजारातून आणायचे, आणि बाजारात आबांना सेल सोडून सगळं आठवायचं. मग जुनेच सेल पत्र्यावर उन्हात टाकायचे, तापले की त्यांच्यात थोडा जीव यायचा. त्या तापवलेल्या सेलवर मी ती बाई ऐकली. जाड, भरलेला, संथ आवाज. एकेक शब्द नांगराच्या तासासारखा ओढत नेणारा. मला इतका आनंद झाला की रडू आलं. जगात कुठंतरी एक बाई होती जी पोटातून गात होती आणि तिला कुणी 'बायकांसारखं गा' म्हणत नव्हतं. सुट्टीभर मी तिच्यामागं तसंच गायले, मेंढरांमागं, कांद्याच्या वाफ्यात, सगळीकडं.

परत येऊन अंकलना ऐकवलं. ते आधी हसले. मग हसायचे थांबले आणि परत म्हणायला लावलं. मला काही बोलले नाहीत. गिटारच्या खुंट्या पिळून त्यांनी सगळ्या तारा खाली उतरवल्या आणि वाजवणाऱ्यांना म्हणाले, "अपना गाना ऐसाही चलेगा."

चाललंही. जत्रेत आधी देवाचं गाणं, मग सिनेमाची, आणि शेवटी माझं. इंग्रजी सुरू झालं की म्हातारी माणसं पटका झटकून घरी निघतील असं आम्हाला वाटायचं, पण ती उठायची नाहीत. निमोण्याच्या जत्रेत पुढं बसलेला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला होता, "गानं कसलं, ही हाक हाय." आबा त्याच्या शेजारीच होते, मांडीवर टेप घेऊन. मला वाटलं, मिरवायला आणलाय. अंकलनी त्या म्हाताऱ्याचं बोलणं समजावून घेतलं आणि पुढं बरेच दिवस ते सगळ्यांना सांगत सुटले.

पाटसला कारखान्याचा हंगाम सुरू होताना आमचा कार्यक्रम झाला. तिथं पुण्याच्या एका कॅसेटवाल्यानं ऐकलं आणि बोलावणं आलं. माझी स्वतःची कॅसेट निघणार! आबांनी दोन्ही तालुक्यांतल्या पाहुण्यांना सांगून टाकलं. आमचं गाणं तोवर कुणीच नीट टेप केलेलं नव्हतं. कॅसेट निघणारच आहे, मग कशाला, असं सगळेच म्हणायचे.

पुण्याच्या त्या गार खोलीत मी गायले. काचेपलीकडचा माणूस मान हलवत राहिला. मग त्यानं विचारलं, मूळ गाणं ऐकलंयस का? मी म्हटलं, त्यावरूनच बसवलंय. अंकलनी बरोबर आणलेली तीच कॅसेट त्यानं त्याच्या मोठ्या मशिनवर लावली.

एक बाई गायला लागली. उंच, धारदार, झपाझप. मी अंकलना विचारलं, ही कोण?

अंकल खाली बघत म्हणाले, "वोही है, बेटा. तुझ्या टेपचे सेल उतरलेले होते."

ज्या बाईनं मला हिंमत दिली ती नव्हतीच. ती उतरलेल्या सेलनी बनवलेली होती. काचेपलीकडचा माणूस वाईट नव्हता. त्यानं सांगितलं, बाई म्हणून विकायचं तर ही पट्टी पाहिजे, करून या, मी थांबतो. परतताना अंकल गाडीत सगळा वेळ सांगत होते, आपलं आहे ते सोडू नको. पण मी चुकले असं मला आजही वाटत नाही. कॅसेट कुणाला नको असते? अंकलचं काय, त्यांना पेन्शन मिळणार होती.

तो सगळा उन्हाळा मी रेल्वेच्या हॉलमध्ये आवाज वर ओढत राहिले. खोकल्यात रक्ताची रेघ दिसली तर हळद-दूध प्यायचं आणि परत उभं राहायचं. पुढच्या हंगामाला पाटसलाच, भरल्या मैदानासमोर, मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. लोकांना वाटलं, माईक गेला. वायरमन धावत आला, त्यानं माईकवर टकटक केलं, ती टकटक सगळ्या मैदानाला ऐकू गेली.

डॉक्टर म्हणाले, गळ्यात गाठी आहेत. महिनोन् महिने गप्प बसले, ऑपरेशन झालं, परत गप्प बसले. मग जे उरलं ते उरलं. अंकल रिटायर होऊन मुलीकडं ऑस्ट्रेलियाला गेले. जाताना भेटायला आले, मला बोलायचं नव्हतं म्हणून तेही बोलले नाहीत. गावोगाव डीजे आले, ऑर्केस्ट्रा कुणाला नकोच झाला, तेव्हा मला एक वाईट समाधान वाटलं, ते लपवत नाही. मी कुरकुंभला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागले. तिथं मशिनच्या आवाजात सगळेच हातवारे करतात. तोंडाला मास्क असतो. त्या खात्यात माझ्यात आणि इतरांत काही फरक नाही, आणि म्हणूनच मी तिथं टिकले.

मग वस्तीवर लाईट आली. सुट्टीच्या दिवशी गेले तर आबा बाजेवर टेप घेऊन बसलेले, चेहरा पडलेला. त्यांना आता कमी ऐकू येत होतं. मोठ्यानं म्हणाले, "लाईट आल्यापासनं तुजा आवाज बिघाडलाय बग."

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं, निमोण्याच्या जत्रेत त्यांनी मला टेप केलं होतं. मांडीवरच्या त्या टेपवर. इतकी वर्षं ते वस्तीवर मला ऐकत होते आणि मला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते.

त्यांनी प्लग लावून बटण दाबलं. एक किनरी, घाईघाईची पोर चिरक्या आवाजात गायला लागली. आबांनी टेप केलं तेव्हाही सेल उतरलेलेच होते. कॅसेटची फीत सावकाश फिरत भरली गेली, आणि लाईटवर झपाझप रिकामी होत होती. पुण्याच्या माणसाला हवी होती ती पट्टी हीच. जी मला जन्मात लागली नाही. माझा म्हणावा असा तेवढाच एक आवाज या जगात उरला होता, आणि तो माझा नव्हता.

मी घरातले जुने सेल शोधले, बॅटरीतले, देवळीत पडलेले. पत्र्यावर उन्हात टाकले. आबा बाजेवरून बघत होते. दुपार कलल्यावर ते टेपमध्ये घातले आणि आवाज पूर्ण मोठा केला.

आधी तीच किनरी पोर आली. मग जरा थकली. जीव उतरत गेला तसा आवाज भरत गेला, जाड झाला, आणि एका कडव्याला मी आले. मीच. पोटातून, ओढा ओलांडून जाणारी. आबांनी बाजेवर हात आपटला. "ही! ही तू."

पुरतं कडवंही झालं नाही. आवाज अजून खाली गेला, माझ्याही खाली, गुरगुरला आणि थांबला.

"परत लाव," आबा म्हणाले.

"सेल संपले, आबा."

आबांनी कानामागं हात धरला. आमच्यात एका बाजेचं अंतर होतं. मी पुन्हा सांगितलं, होतं तेवढं सगळं लावून.

"आँ?" आबा म्हणाले. "जरा मोठ्यानं बोल की, पोरी."