टॉवर वाडीत न्या

"वाडीत बसवा की. त्या लोकांना काही होत नाही," मॅडम म्हणाल्या आणि माझ्या हातातल्या ट्रेमधून चहाचा कप उचलला.

मी त्याच वाडीतली. लोणावळ्याच्या अलीकडे डोंगराखाली बंगले झालेत, तिथं धुणीभांडी करायची. त्या दिवशी बंगलेवाल्यांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलावलं होतं. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मोबाइलचा टॉवर बंगल्यांजवळ ठरला होता आणि यांना भीती, त्यानं कॅन्सर होतो. कुणी सांगितलं? फोनवर आलं होतं. भाऊ मान डोलवत होते. "तुमची काळजी रास्त आहे," म्हणाले. चहा संपायच्या आत नवी जागा ठरली. आमच्या अंगणवाडीला लागून.

हेच भाऊ करोनाची लस घेऊन वाडीत आले होते. माझी आई सुईला भ्याली. करवंदीच्या जाळीमागं लपली. भाऊंच्या कार्यकर्त्यांनी तिचा व्हिडिओ काढला, तो तालुकाभर फिरला. मॅडमनीच मला दाखवला, हसत हसत. "किती अडाणी असतात गं तुमच्यातले लोक." ती माझी आई आहे, हे मी बोलले नाही. मला आईचीच लाज वाटली. आज त्याचा संताप येतो.

आई घाबरली तर अडाणी. हे घाबरले तर काळजी. ऐकीव तर दोन्हीकडं होतं.

भाऊ माझ्याकडं वळले. "काय गं, चालंल ना तुमच्या वाडीला?"

सगळे हसले. उत्तर कुणालाच नको होतं. मी ट्रे खाली ठेवला.

"न्हाई चालणार. टॉवर आमालाबी पायजे. बाळंतिणीला गाडी बोलवायला आमी डोंगर चढतो. पण कुटं बसवायचा ते आमाला इचारा. हितं चहावर न्हाई, ग्रामसभेत."

"तुला काय कळतं त्यातलं?" मॅडम म्हणाल्या.

"तुमाला कळतं तेवढंच, मॅडम."

दुसऱ्या दिवशी निरोप आला, कामावर येऊ नकोस. टॉवर अजून कुठंच उभा नाही. फोन लावायला आम्ही अजून डोंगर चढतो. मॅडम काय म्हणाल्या ते मी घरी सांगितलं, ते ऐकून आता आईही टॉवरला घाबरते. मी समजावते, तिला पटत नाही.

न पटू दे. ग्रामसभेला मी तिला पुढच्या रांगेत बसवणार. तिची भीती ती स्वतःच्या तोंडानं सांगणार. आणि कुणी हसलं, तर ती सभा मी पुढं जाऊ देणार नाही.