समुद्राचं मीठ, गोदावरीचं पाणी

पाहुण्यांचा चहा झाला होता, आमची मुलगी पसंत असल्याचं त्यांनी तोंडावरच सांगितलं होतं आणि माझा जीव भांड्यात पडला होता, तेवढ्यात लातूरहून फोन आला. मन्मथ गेला. प्रयोगशाळेच्या जिन्यात छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी नुसतं "बरं, बरं" म्हणालो... आणि पाहुण्यांपुढं पेढ्याचं ताट केलं. त्याला आता महिना होऊन गेला.

मन्मथ माझा कॉलेजपासूनचा दोस्त. नांदेडच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. पुढं मी नांदेडातच मास्तर झालो, तो लातूरला विद्यापीठाच्या उपकेंद्रात रसायनशास्त्राचा संशोधक झाला आणि अभ्यासाला घेतलं काय, तर समुद्रातलं शेवाळ! लातुरात प्यायच्या पाण्याची बोंब, आणि हा गडी दर हिवाळ्यात कोकणात जाऊन ओहोटीच्या वेळी खडकावरचं शेवाळ काढायचा, वाळवायचा, पोती भरून आणायचा. एसटीत माणसं नाक दाबून बसायची. त्याच्या भावांची आडत. ते म्हणायचे, आमच्या पोत्यात सोयाबीन, ह्याच्या पोत्यात घाण. हा हसायचा. शेवाळाचा अर्क फवारला तर आपलं कोरडवाहू सोयाबीन पाण्याचा ताण जरा जास्त सोसेल, हा त्याचा ध्यास होता. पण अर्क काढायच्या आधी शेवाळातलं मीठ गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. एवढं पाणी लातुरात कुठून आणणार?

म्हणून तो माझ्याकडं यायचा. मागच्या अंगणात विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, टोपलं घेऊन नळाखाली बसायचा. धुवण बोटानं जिभेला लावायचा, मलाही चाखायला लावायचा, अजून खारट हाय म्हणत पुन्हा नळ सोडायचा. "नांदेडकर लई श्रीमंत, गोदावरी उशाला घेऊन झोपता," असं चिडवायचा. माझी बायको त्या वासानं कावायची, पण ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ल्याशिवाय त्याला हलू द्यायची नाही.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. दोन पोती होती, प्रयोगशाळेचा नळ कोरडा पडला होता.

"उद्या नको रे," मी म्हणालो. "पोरीला बघायला येऊन राहिलेत. वास जात नाही दोन-दोन दिवस."

"हाव, बरोबर हाय," तो म्हणाला. "पोरीचं काम आधी."

मला हायसं वाटलं. हेच आता काळजाला डाचतं. पाहुणे फार तर दोन तास थांबणार होते. परवा ये, एवढं म्हणायला काय झालं होतं मला? दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत टँकर आला, आणि मन्मथनं पाण्याचे कॅन स्वतः जिन्यानं वर न्यायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणतात, हे कधी ना कधी व्हायचंच होतं. म्हणू देत.

तो लिंगायत, त्यांच्यात पुरतात. शेतात खड्डा घेतला होता. त्याला बसवून विभूती लावली, बेलाची पानं वाहिली, आणि मग विधी करणाऱ्या जंगमांनी एकेकाच्या ओंजळीत मीठ दिलं, आत घालायला. माझी पाळी आली आणि हात पुढं होईना. वहिनींना वाटलं, मला रडू आवरत नाही. त्या जवळ आल्या.

"घाला भाऊजी. तुमचाच तर आधार होता त्यांना. पाण्याला तुम्ही कधी न्हाई म्हणला नाहीत."

म्हणजे माझ्या नकाराचा तो फोन त्यानं घरात सांगितलाच नव्हता. मला त्यानं तेवढ्यातही सांभाळून घेतलं होतं. खरं सांगायला तोंड उघडलं, पण भोवती त्याचे भाऊ होते, पोरं होती... मी मान खाली घातली आणि ओंजळ उपडी केली. ज्यानं मीठ धुवायला माझ्याकडं पाणी मागितलं, त्याच्या अंगावर मी मीठ घालून आलो.