तांदळाच्या पोत्याची बरोबरी

बायकोची अब्रू राखायला लोक काय काय करतात. कोणी भांडतं, कोणी घर बांधतं, कोणी नुसतं गप्प बसतं. पण बायकोच्या अब्रूसाठी जाड व्हायला निघालेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या नशिबी भावोजी म्हणून आला. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. उंची अशी की आमच्या पनवेलच्या घरात शिरताना वाकावं लागे, आणि रुंदी अशी की दार पूर्ण उघडायची गरज नसे. नवीन बेल्ट आणला की आधी खिळा तापवून त्याला जादा भोकं पाडायची, मगच तो कमरेला चढायचा. शर्ट त्यांच्या अंगात नसायचा, अंगाभोवती असायचा. आणि खायला मात्र राक्षस! वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या समोर आल्या की माणूस मान वर करत नसे. एवढं खाल्लेलं जातं कुठे, हा आमच्या घरातला कायमचा प्रश्न होता. माझे वडील माझ्या पोटाकडे बघून म्हणत, "इकडे येत असावं." असो.

आता माणूस बारीक असतो, त्यात एवढं काय? पण ताई सुकापूरला घरून जेवणाचे डबे द्यायची. तेव्हा नवीन पनवेलच्या आसपास इमारती भराभर उठत होत्या आणि एकेका फ्लॅटमध्ये नोकरीवाली चार-चार पोरं येऊन राहत होती. ताईच्या हाताला चव अशी की पोरं डबा धुऊन परत द्यायची, म्हणजे बघा. डबे पोचवायचं काम भावोजींचं. दुपारी ते एका गोदामात ड्युटीला जात, पण सकाळी स्कूटरला दोन्हीकडून डबे लटकवून निघत. लांबून पाहिलं तर डबेच स्कूटर चालवत येतायत असं वाटे. आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. एका इमारतीतल्या काकूंनी डबा लावायचं ठरवलं, पहिल्या दिवशी दारात भावोजींना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी डबा बंद केला. "शितावरून भाताची परीक्षा, अहो! घरच्या माणसाची ही गत, तर आपलं काय होणार?" असं त्या शेजारणीला म्हणाल्या, आणि शेजारणीने ते ताईपर्यंत गरम गरम पोचवलं.

त्याच आठवड्यात भावोजींची आई उरणकडच्या गावाहून आली. सारा जन्म सुकी मासळी निवडून विकण्यात गेलेला. हातात घेतलेल्या वस्तूचं वजन म्हातारी काट्याशिवाय सांगायची. तिने लेकाला वरून खाली न्याहाळलं आणि ताईकडे वळून म्हणाली, "माज्या पोराचा पार सुका बोंबील केलास गो! सगल्या गावाला घालतंस, याला काय नुसता वास देतंस?" ताई आत गेली, आणि कांदा चिरत नसतानाही पदराने डोळे पुसत राहिली. भावोजींनी ते पाहिलं. संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि दारातच म्हणाले, "मेहुणे, ठरलं. मी जाड होणार." मी इतका हसलो की माझ्या बायकोने आतून विचारलं, काय झालं. "हसू नका," भावोजी म्हणाले. "मी असा आहे, आणि खोट तिच्या हातात दिसते. आईच्या तोंडून तिच्यासमोर एकदा 'भरलास' असं आलं पाहिजे. बास, दुसरं काय नाय." भावोजी एरवी आमच्यासारखंच बोलत. मनाला लागलेलं काही असलं की गावचं 'नाय' बाहेर पडे.

सुरुवात त्यांनी सल्ल्यांपासून केली. वजन कसं वाढवावं हे आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक असतं, विशेषतः ज्यांचं विनाकारण वाढलेलं असतं त्यांना. मी सांगितलं, भात खाऊन दुपारी ताणून द्या. रोज शिकरण खा, असं गोदामातल्या कोणीतरी सांगितलं. त्यांनी केळ्यांचा फणाच्या फणा संपवायला सुरुवात केली. कोणी वड्यांचं नाव काढलं, कोणी वनस्पती तुपाचं. एका ओळखीच्याने कसल्याशा पावडरीचा डबा गळ्यात मारला, त्यावर एका दंडवाल्याचं चित्र होतं. ती पावडर दोन दिवस घेतल्यावर भावोजींची डब्यांची फेरी आम्हाला मारावी लागली, कारण ते घरातल्या एका विशिष्ट खोलीपासून लांब जाऊ शकत नव्हते. बाकी सगळ्या खटाटोपाचं फळ म्हणाल तर एक छोटंसं पोट. हातपाय होते तसेच, आणि मध्ये हे. बांबूला मडकं बांधावं तसे दिसायला लागले बिचारे.

शेवटी ताईने हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी सगळं तपासलं, रक्त-बिक्त बघून आजार काही नाही याची खात्री केली आणि विचारलं, "वजन वाढवायचंय की पोट?" मग नीट समजावलं. एकदम ठासून खायचं नाही, दर तीन तासांनी थोडं थोडं खायचं. डाळ, अंडी, मासळी, दूध, शेंगदाणे, भातावर चमचाभर साजूक तूप. तळलेलं बंद, पावडर बंद. झोप पुरेशी. आणि व्यायाम, तोही वजन उचलायचा. इथपर्यंत मान डोलावणारे भावोजी खुर्चीतून उठलेच. "व्यायाम? अहो बाई, व्यायामाने माणूस वाळतो!" बाई म्हणाल्या, "तुमच्यात वाळायला आता काय शिल्लक आहे?" भावोजी परत खुर्चीत बसले.

पण एकदा मनावर घेतलं की घेतलं. व्यायामशाळेत जायची लाज वाटे, म्हणून त्यांनी घरीच सोय केली. डब्यांसाठी तांदूळ पोत्याने यायचा. त्यातला थोडा थोडा त्यांनी जुन्या पायजम्याच्या पायांत भरला, टोकं शिवली, आणि झाली डंबेल्स तयार. सकाळी ताईच्या स्वयंपाकाच्या वेळीच यांचा व्यायाम. एका हातात एक पाय, दुसऱ्या हातात दुसरा. उठा, बसा, वर, खाली. ताई बांगड्या कोपरापर्यंत सरकवून कणीक मळत असायची आणि यांच्या श्वासाचा फोंफाट चालू. मी एकदा गेलो तेव्हा ऐन बैठकीत ताई ओरडली, "अहो, तो डावा पाय द्या इकडे, भात टाकायचाय!" डाव्या पायाचा भात झाला, आणि भावोजी उरलेला व्यायाम उजव्या हाताने पुरा करून डबे घेऊन निघाले. त्या महिन्यात त्यांचा उजवा दंड जरा पुढे गेला होता, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

तीन तासांचं तर विचारूच नका. नवीन मोबाइल घेतला होता, त्यात गजर लावलेला. गजर झाला की हे असतील तिथे खाणार. एका खिशात भाजलेले शेंगदाणे, दुसऱ्यात ताईने वळून दिलेले शेंगदाणा-गुळाचे लाडू, आणि कधीकधी डब्याच्या पिशवीत उकडलेलं अंडं. सोसायटीच्या सत्यनारायणाला ऐन कथेत ते अंडं सोलायला बसले, तेव्हा ताईने डोळे असे वटारले की अंडं आपण होऊन पिशवीत परत गेलं. एकदा आम्ही दोघं एका ओळखीच्या घरी भेटायला गेलो होतो. घरातला कर्ता माणूस गेलेला, सगळे खाली मान घालून बसलेले, आणि त्या शांततेत यांचा गजर सनईच्या सुरात वाजला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. भावोजींनी शांतपणे लाडू काढला; पण एकट्याने कसा खायचा, म्हणून त्या घरातल्या आजींपुढे धरला. "सकाळपासून पोटात काही नाही ना आजी? अर्धा घ्या." आजींनी घेतला. मग सुनेने घेतला, मग मुलांनी. खिसा रिकामा झाला, आणि लाडू चावता चावता त्या घरातली माणसं पहिल्यांदा मोकळेपणी रडली. परत येताना मी काही चेष्टा केली नाही.

वजन करायला काटाही त्यांचा वेगळा. बाजारात ज्यांच्याकडून तांदूळ घ्यायचे ते दुकानदार चाचा, कोकणी मुसलमान, अर्धं घर आखातात नोकरीला. त्यांच्या दुकानातला पोती तोलायचा मोठा काटा, त्यावर भावोजी महिन्याला उभे राहायचे. पहिल्या दिवशी चाचांनी आधी पन्नास किलोचं पोतं तोललं, मग यांना, आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला! भाऊ, तुमच्यापेक्षा आमचं पोतं खात्यापित्या घरचं दिसतं." तेव्हापासून ठरलं, पोत्याला मागे टाकायचं. चाचा नियमाचे पक्के. चपला काढा, खिशातले शेंगदाणे काढा, मग चढा. काटा जरा जरी सरकला तरी "माशाल्ला!" म्हणून पुतण्याने दुबईहून पाठवलेला खजूर हातावर ठेवायचे. असं वर्ष गेलं, दुसरंही निम्मं सरलं. आणि एका सकाळी पोतं हरलं. चाचांनी सगळ्या गिऱ्हाइकांना खजूर वाटला. भावोजी दुकानातून थेट माझ्याकडे आले, हात वाकवून दंड दाखवला आणि म्हणाले, "दाबून बघा." मी दाबला. खरंच, कडक होता हो!

दुसऱ्याच रविवारी आम्ही चौघं, म्हणजे भावोजी, ताई, मी आणि बायको, रिक्षा करून उरणकडे त्यांच्या गावी निघालो. भावोजींनी मुद्दाम जुना शर्ट घातला होता, कारण तो आता दंडावर घट्ट बसत होता. ताई आनंदात होती. खरं तर धास्तावलेली होती. सारखी त्यांची कॉलर नीट करत होती. म्हातारी ओटीवर बसली होती. मधल्या काळात तिची नजर पार गेली होती; उजेड कळायचा, माणूस कळायचा नाही. हे आम्हाला ठाऊक होतं, पण त्या शर्टाच्या नादात कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. भावोजी तिच्यासमोर छाती काढून उभे राहिले आणि तसेच राहिले. मग त्यांनी खाली बसून तिचा हात आपल्या दंडावर ठेवला. म्हातारीने दंड चाचपला, खांदा चाचपला, पाठीवरून हात फिरवला. "भरलास रं बाला," ती म्हणाली. "चांगला भरलास. सूनबाय कुटं हाय?"

ताई पुढे झाली, वाकली. तिचा चेहरा काय फुलला होता! म्हातारीने कौतुकाने तिचा हात हातात घेतला आणि थांबली. दोन बोटांत मनगट धरलं. बांगड्या वर सरकवल्या, त्या थेट कोपराला जाऊन लागल्या. "गो," ती हळूच म्हणाली, "तू कवा सुकलीस? सगल्यांना घातलंस. तू कंदी जेवलीस?"

ताई म्हणाली, "जेवते की आई. डबे गेले, यांचं झालं की जेवते." आणि हे उत्तर आम्ही सगळ्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. डबे, मग भावोजींचं तीन-तीन तासांचं खाणं, मग भांडी. आणि मग काय उरलं असेल ते, ओट्यापाशी उभ्याने. घरात दीड वर्ष एका माणसाचं वजन चाललं होतं, आणि त्या बांगड्या आमच्या डोळ्यांदेखत मनगटावरून कोपरावर गेल्या होत्या.

परतताना वाटेत गजर झाला. भावोजींनी रिक्षा थांबवायला लावली, खिशातून लाडू काढला आणि ताईपुढे धरला. "अहो, मी घरी जाऊन जेवेन ना," ताई म्हणाली. "नाय," भावोजी म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर." ताईने खाल्ला. खाताना तिचे डोळे वाहत होते आणि ती हसतही होती. माझी बायको खाडीकडे बघत बसली.

म्हातारी पुढच्या पावसाळ्यात गेली. सुकापूरच्या त्या घरात आता पहिलं ताट ताईचं वाढलं जातं, तेही पाटावर बसून. तोवर भरलेले डबे ओळीने झाकणं उघडी टाकून थांबतात, आणि पोरांना जेवण थोडं उशिरा मिळतं. डॉक्टरीणबाईंनी ताईलाही तपासलं, तीच यादी सांगितली. पायजम्याचा डावा पाय आता ताईकडे असतो, त्याचा भात करायला बंदी आहे. चाचा अजून विचारतात, वहिनींना काट्यावर आणत नाही का म्हणून. भावोजी नुसते हसतात. महिन्यातून एकदा, ताई चहा घेत बसलेली असताना, ते तिच्या बांगड्या हळूच वर सरकवतात आणि दोन बोटांत मनगट धरून डोळे मिटून बसतात.