मोठ्यानं एक इंच कमी

आमच्या दुकानात माप घ्यायची एक रीत आहे. टेप गिऱ्हाइकाच्या कमरेभोवती फिरवायची, आकडा बघायचा, मोठ्यानं सांगताना एक इंच कमी सांगायचा आणि वहीत मात्र खरा लिहायचा. तोंडानं नेहमी गोल आकडा, पाव-अर्धा-पाऊण सगळं वहीत. सव्वा बेचाळीस भरली तर "एक्केचाळीस" म्हणायचं. ते ऐकून बाईचे खांदे सैल पडतात, आणि कपडा शिवून झाला की बरोब्बर बसतो, कारण कात्री वहीप्रमाणे चालते, तोंडाप्रमाणे नाही. ही रीत माझ्या नणंदेनं घातली. एकवीस वर्षांत ती कुणा बाईच्या ध्यानात आली नाही, आणि एखादीच्या आली असेल तर ती शहाणी म्हणायची, गप्प राहिली.

नणंदेला सगळा रस्ता ताई म्हणतो, म्हणून मीही म्हणते. ताई बेतते आणि कापते, मी शिवते आणि काज-बटण करते. नर्सबायांचे गणवेश, हॉटेलातल्या वाढप्यांची जाकिटं आणि मधल्या वेळात आजूबाजूच्या बायकांचे कपडे. खाली दुकान, वर आम्ही तिघं. ताईनं लग्न केलं नाही. आई-वडील लवकर गेले आणि धाकट्या भावाला तिनंच वाढवलं. तो भाऊ म्हणजे माझा नवरा. चांगला वायरमन होता, शिडीवर चढून काम करणारा. दीड वर्षापूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या आणि शिडी जिन्याखाली गेली.

ताईचं रक्त जुळलं, बाकीच्या तपासण्याही जुळल्या. आम्ही एकमेकींचे हात धरून बसलो होतो, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, फक्त वजन. एवढ्या वजनाच्या बाईची एक किडनी काढून घेतली तर पुढे तिच्याच जिवावर बेतेल. अठ्ठ्याहत्तरच्या खाली या, मग बघू. ताई तेव्हा एक्क्याण्णव किलोची होती.

तिनं कंबर कसली. पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानाला सहा फेऱ्या, दुपारी वाटीभर भाजी आणि दोन उकडलेली अंडी, संध्याकाळी सूप. साखर बंद, तळलेलं बंद. कापडाचे तागे वरच्या फळीवरून काढायला आधी मला सांगायची, आता स्वतः स्टुलावर चढायची. पाच महिन्यांत साडेआठ किलो गेले. रस्त्यावरच्या बायका विचारायला लागल्या, काय करता हो ताई, आम्हालाही सांगा. ताई हसून म्हणायची, "काही नाही, भावापायी उपाशी राहते."

मग काटा ब्याऐंशी किलो, चारशे ग्रॅमवर येऊन बसला तो उठेचना. एक रविवार गेला, दोन गेले, सात गेले. तिनं फेऱ्या सहाच्या आठ केल्या. अंडं एक केलं. काटा कधी शंभर ग्रॅम खाली, कधी दीडशे वर, की ये रे माझ्या मागल्या. दवाखान्यातली आहार सांगणारी बाई म्हणाली की असं होतंच, शरीर मध्येच अडून बसतं, धीर धरा, पोटभर झोपा, उपाशी मात्र राहू नका. धीर धरायला तिचं काय जातं? धीर आमच्या घरातला संपत होता.

आता माझं सांगते, आणि ते काही शोभेचं नाही. त्या सात आठवड्यांत मी ताईचे घास मोजत होते. मशीन चालवता चालवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची, काकडीच्या किती फोडी घेतल्या, भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली का. ती पाणी प्यायला उठली तरी माझी सुई थांबायची. ती स्वतःच्या अंगातला एक तुकडा काढून माझ्या नवऱ्याला द्यायला निघाली होती आणि मी तिच्या ताटावर पहारा ठेवून होते. मला माझी लाज वाटत होती, आणि तरी मी मोजत होते.

ह्यांचंही सगळं काट्यावरच होतं. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. तिथं आत जाताना वजन, बाहेर येताना वजन. मधल्या दिवसांत जेवढं पाणी प्यायलं तेवढं अंगात साठतं आणि मशीन ते उपसून काढतं. म्हणून दिवसाला मोजून तीन पेले. तहान फारच लागली तर बर्फाचा एक खडा गालात धरून बसायचं. घरात एकाचं वजन वाढू द्यायचं नव्हतं, दुसरीचं कमी व्हायला हवं होतं, आणि मी तिसरी, जिच्या वजनाशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं, ती दोघांचे आकडे वहीत लिहीत होते.

दर रविवारी सकाळी ताई दुकानाच्या मागच्या खोलीत काट्यावर उभी राहायची. मी आकडा वाचायची आणि मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायची. मग आम्ही वर जायचो. हे खिडकीशी बसलेले असायचे आणि विचारायचे, "किती?" पहिले पाच महिने ताईनं जो आकडा असेल तोच सांगितला. काटा अडल्यावर पहिल्याच रविवारी ती म्हणाली, "ब्याऐंशी." मला वाटलं, जाऊ दे, चारशे ग्रॅमनं काय होतं. पुढच्या रविवारी तिनं एक्क्याऐंशी सांगितलं, मग दोन रविवारांनी ऐंशी. मी मूग गिळून गप्प बसले. हे मान हलवायचे आणि परत खिडकीबाहेर बघायचे. पण बुधवारी डॉक्टरांची तारीख होती, आणि डॉक्टरांच्या काट्यावर ताईच्या तोंडचा आकडा उमटणार नव्हता.

त्या बुधवारच्या आधीचा शनिवार. बारा गणवेश संध्याकाळपर्यंत द्यायचे होते आणि ताई दिसेना. कपडे घालून बघायच्या कोपऱ्याचा पडदा ओढलेला होता. मला वाटलं, आत गिऱ्हाईक आहे. पण बराच वेळ कुणी बाहेर येईना, म्हणून मी पडदा सारला. ताई आत स्टुलावर बसली होती. मांडीवर बिस्किटांचा पुडा, अर्धा संपलेला. आरशाकडे तिची पाठ होती.

माझ्या जिभेला तसंही हाड नाही. मी म्हणाले, "खा. त्यांच्या जिवावर खा."

ताई रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पुड्याचं तोंड नीट दुमडलं, दोनदा, आणि तो बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मी थकलेय गं. भूक नाही लागलेली. नुसती थकलेय. आठ फेऱ्या मारते, पाय सुजतात, रात्री स्वप्नात जेवते. आणि काटा म्हणतो, तू काही केलंच नाहीस. माझं अंगच मला दाद देत नाही, मी कुणाच्या पाया पडू?"

ती उठायला लागली आणि तिचा स्कर्ट खाली सरकला. तिनं सवयीनं एका हातानं तो वर ओढून धरला. मी बघितलं तर कमरपट्टी दोन ठिकाणी दुमडून आत पिना लावल्या होत्या. जन्मभर लोकांचे कपडे आत घेणारी बाई स्वतःच्या स्कर्टला पिना लावून हिंडत होती. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, अठ्ठ्याहत्तर होईपर्यंत स्वतःच्या कपड्याला कात्री लावायची नाही असं मी ठरवलंय. म्हणजे सहा महिने ही बाई जुन्याच तंबूत हिंडत होती, आरशात तोच तंबू बघत होती, आणि तिच्या शेजारी बसून मीही तेच बघत होते. दोघी शिवणारणी, आणि दोघीही आंधळ्या.

माझ्या गळ्यात टेप होतीच. "हात वर करा," मी म्हणाले. ती नको नको म्हणत होती, तरी मी टेप फिरवली. पावणे एक्केचाळीस. परत फिरवली. पावणे एक्केचाळीस. खरं सांगते, एकोणचाळीस म्हणावं असा मोह मला झाला होता. पण मी जे होतं तेच म्हणाले.

"माझीच रीत माझ्यावर चालवतेस?" ताई म्हणाली. "एक इंच खाल्लास ना?"

"खायचाच होता तर पाऊण कशाला ठेवला असता?"

तिनं टेप माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच माप घ्यायला लागली. पण आपलं माप आपल्याला घेता येत नाही. आकडा बघायला मान खाली घातली की पोट पुढे येतं आणि टेप सरकते. हे आम्ही शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगतो. ताईनं तीनदा घेतलं, तीनदा वेगळं आलं. शेवटी ती म्हणाली, वही आण.

वहीत तिचं माप होतं. आहार सांगणाऱ्या बाईला कागदावर भरून द्यायचं होतं म्हणून सात आठवड्यांपूर्वी मीच लिहिलेलं, काटा अडला त्याच आठवड्यात. कंबर सव्वा बेचाळीस. ताईनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तिथंच ठेवलं. तोंडच्या आकड्यावर तिचा विश्वास बसत नव्हता, तिनं स्वतःच तो बसायला जागा ठेवली नव्हती. पण वहीत या दुकानात कधी कुणी खोटं लिहिलं नव्हतं.

"दीड इंच," ती म्हणाली. "मग काट्याला काय झालंय?"

मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं.

माफी मागणं मला जमत नाही. संध्याकाळी गणवेश गेल्यावर मी तिला माझा गाऊन घालायला दिला, तिचा स्कर्ट घेतला, कमरपट्टी उसवली आणि पावणे एक्केचाळीसच्या मापानं आत घेऊन शिवली. ती नको म्हणाली नाही. जास्तीचं कापड मात्र मला कापू दिलं नाही. म्हणाली, आतच राहू दे, माझा भरवसा नाही.

रविवारी काट्यानं ब्याऐंशी, तीनशे दाखवलं. ताई जिना चढताना मध्येच थांबून म्हणाली, आज मी त्याला सांगून टाकते की माझ्याच्यानं होत नाही, दुसरं कुणी मिळतंय का बघा. मी तिच्या मागे दोन पायऱ्यांवर होते. तिच्या स्कर्टावरची माझी शिलाई माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला रडू येत होतं, ह्यांच्यासाठी की तिच्यासाठी ते कळत नव्हतं.

हे खिडकीशीच होते, गालात बर्फाचा खडा. "किती?" त्यांनी विचारलं.

तिला जे सांगायचं होतं ते तिच्या ओठांवर आलं होतं. पण भावाचं तोंड बघितलं आणि एकवीस वर्षांची सवय आड आली. "ऐंशी," ती म्हणाली.

ह्यांनी बर्फ गिळला. मग म्हणाले, "ताई, सात रविवार झाले, तू मला गोल आकडे सांगतेस."

ताईनं कमरपट्टीवरची माझी शिलाई चाचपली.

"तुझ्या बेतायच्या टेबलाखाली बसून मी शाळेचा अभ्यास केलाय," हे म्हणाले. "गोल आकडा कुणासाठी असतो ते मला माहीत आहे. वहीत काय लिहिलंय ते सांग."

ती खुर्चीवर बसली. खाली बघत म्हणाली, "ब्याऐंशी, तीनशे." आणि मग सगळंच बोलली. थकल्याचं, पडद्यामागच्या बिस्किटांचं, जिन्यात ठरवलेलं. मी तिला काय बोलले ते मात्र तिनं सांगितलं नाही. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझं आज चौसष्ट, आठशे," ते म्हणाले. "गुरुवारी बासष्ट, सातशे होतं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं आणि मी तर वाळत चाललोय. तो काटा किती ते सांगतो गं, कशाचं ते नाही सांगत. मी त्याचं बोलणं मनावर घेतलं असतं तर केव्हाच आटोपलो असतो."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी ब्याऐंशी, तीनशे आहे म्हणून सांगू, आणि वेळ मागू. देतील तेवढा देतील." मग म्हणाले, "तुला सोडायचं असेल तर सोड. मी तुला काही म्हणणार नाही, हीसुद्धा म्हणणार नाही. पण मला गिऱ्हाइकासारखं वागवू नकोस. मला वहीतलं सांगत जा."

ताईनं पदराची सवय नसलेल्या बाईसारखा हातानंच चेहरा पुसला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी लावली.

बुधवारी डॉक्टरांनी दोन महिने दिले. कौतुकही केलं नाही आणि रागावलेही नाहीत, कागदावर पुढची तारीख घातली. सोमवारपासून ताई पहाटे उठतच होती, गुरुवारीही उठली. आठ फेऱ्या आता परत सहा केल्यात, अंडी परत दोन. घास मोजायचं मी सोडलंय असं म्हणवत नाही, पण नजर गेली की मी मशीन जोरात चालवते.

पुढच्या रविवारी ब्याऐंशी, शंभर भरलं. दोनशे ग्रॅम म्हणजे एक काकडी. आम्ही वर गेलो. ह्यांनी विचारलं, "किती?"

"ब्याऐंशी, शंभर," ताईनं सांगितलं.