कै. मशीनवाल्या काकू

माझी वहिनी जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या इतिहास मंडळाच्या संग्रहालयात संगमरवरी पाटीवर वेगळंच कोरलेलं आहे. मला लिहायची सवय नाही, पण पाटी दगडाची आहे आणि वहिनी हाडामांसाची. तिच्या बाजूनंही कुठेतरी चार ओळी असाव्यात.

गाव तिला मशीनवाल्या काकू म्हणतं. माझा भाऊ लवकर गेला, तेव्हापासून तिनं एका पायमशीनवर घर ओढलं. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, लग्नाआधी घट्ट करायचे आणि लग्नानंतर सैल करायचे कपडे. हाताला वळण आणि जिभेला धार. माप घेताना म्हणायची, "श्वास सोड बाबा. पोट माझ्यापासून लपवशील, शिवण उसवल्यावर गावापासून कसं लपवणार?"

गेल्या वर्षी ती लेकीकडे गेली होती, नातीच्या बाळंतपणाला. तेवढ्यात सुनेनं खिडकीजवळचा तिचा कोपरा रिकामा केला. तिथे व्यायामाची सायकल ठेवायची होती. सून मनानं वाईट नाही. मशीन भंगारात द्यायला तिचा जीव होईना, म्हणून ते तिनं इतिहास मंडळाला दिलं. म्हणाली, "सासूबाईंची आठवण म्हणून ठेवा."

मंडळ हरखलं. तोवर संग्रहालयात होतं काय? एक तोफ, जी जुन्या पाणीपुरवठ्याचा नळ आहे हे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. एक कुलूप आणि एक किल्ली, ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही. शिवाय एका थोर पुरुषाचा डावा बूट. तो पुरुष थोर का होता, यावर मंडळात दोन तट आहेत. अध्यक्षांनी 'आठवण' हा शब्द ऐकला आणि पाटी कोरायला टाकायचं ठरवलं. मी कमिटीत आहे. "अहो, पण ती..." म्हणत मी हात वर केला. अध्यक्ष म्हणाले, "अनुमोदन मिळालं," आणि चहा मागवला.

वहिनी परत आली. कोपऱ्यात सायकल, सायकलीवर वाळत घातलेले टॉवेल.

"माझं मशीन कुठाय?"

"आई, संग्रहालयात दिलं. सगळं गाव बघेल," सून म्हणाली. "या वयात किती दिवस पाय मारत बसणार तुम्ही?"

"आणि ही कशाला आणलीस?"

"पाय मारायला."



दुसऱ्या दिवशी वहिनी मला घेऊन संग्रहालयात गेली. मशीनभोवती लाल दोरी होती. वर पाटी: 'कै. मशीनवाल्या काकू यांच्या पवित्र स्मृतीस.' तिनं ती सावकाश वाचली.

"भावोजी, तुम्ही कमिटीत ना? की तुम्हालाही इथे मांडून ठेवलंय?"

इतक्यात अध्यक्ष आले आणि दचकले.

"काकू! तुम्ही?"

"मीच. हवं तर चिमटा काढून बघा. मशीन द्या माझं, गिऱ्हाइकं खोळंबलीत. घरी बसून मी काय टॉवेल वाळवू?"

"नोंद झालेली वस्तू परत जात नाही. नियम आहे. आणि ठरावाला तुमच्या दिरांचंच अनुमोदन आहे."

"माझ्या मरणाला? बरं, मग निदान ते 'कै.' तरी खोडा."

अध्यक्षांनी पाटीवरून मायेनं हात फिरवला. "संगमरवर आहे हो. आणि वाईट वाटून घेऊ नका, पण आज ना उद्या ते बरोबर ठरणारच आहे."

वहिनी हसली. ती हसली की समोरच्यानं जपावं.

दुसऱ्या दिवशी ती कापडाचं गाठोडं घेऊन आली, दोरी ओलांडली आणि शिवायला बसली. गिऱ्हाइकं तिथेच येऊ लागली. एका मुलीनं पाटी वाचून विचारलं, "आजी, तुम्ही मेलात ना?"

"हो गं, पण ही पँट द्यायची राहिली होती."

अध्यक्षांनी आठवडाभर दात-ओठ खाल्ले. मग संग्रहालयाच्या रीतसर उद्घाटनाचा दिवस आला. मोठे पाहुणे आले, हार झाले, अध्यक्ष बोलायला उभे राहिले. वहिनीनं जाड पडद्याचं कापड सुईखाली घेतलं.

"आपल्या गावाचा तेजस्वी..." खडखडखड. अध्यक्ष थांबले, मशीन थांबलं. "...तेजस्वी इतिहास..." खडखडखड. लोक तोंडाला रुमाल लावू लागले.

पाहुण्यांनी विचारलं, "या बाई कोण?"

मागून कुणीतरी म्हणालं, "त्या वारल्यात साहेब."

त्यानंतर भाषण झालंच नाही. संध्याकाळी हातगाडीवरून मशीन घरी आलं. नोंदवहीत अध्यक्षांनी 'दुरुस्तीसाठी बाहेर' असं लिहिलं, म्हणजे नियमही राहिला आणि त्यांचं नाकही. सायकल टॉवेलांसकट गॅलरीत गेली.

पण पाटी उरली, आणि पाटीखाली रिकामी जागा. ती अध्यक्षांना बघवेना. त्यांनी भंगारवाल्याकडून एक गंजलेलं मशीन आणलं, त्याला चाकसुद्धा नाही, आणि दोरी पुन्हा बांधली. आता शाळेच्या सहली येतात. काकूंनी याच मशीनवर कसे कष्ट उपसले, हे सांगून अध्यक्ष पोरांना हात जोडायला लावतात.

परवा वहिनीला ते दाखवायला नेलं. तिनं चष्मा पुसून नीट पाहिलं.

"हे मशीन माझं नाही," ती म्हणाली. "आणि मेलेली बाईही मी नाही. म्हणजे जुळतंय की. राहू दे."

"कमिटीत विषय काढू का?" मी विचारलं.

"नको हो भावोजी. तुम्ही हात वर केला की माणूस मरतो."