दाऊदभाऊंनी उघडं ठेवलेलं चर्च

दाऊदभाऊ गेल्याचं मला जळगावात कळलं. पिंप्राळ्याला भाचीच्या लग्नात मी पंगतीत रंगलो होतो. धुळ्याहून आलेल्या पाहुण्याने सहज सांगितलं, आणि हातातली जिलबी हातातच राहिली... धुळ्याला पोचलो तेव्हा माती होऊन गेली होती. वेळेवर पोचणं मला आयुष्यभर जमलेलं नाही.

आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवत, मी मराठी. शाळेबाहेर त्यांचा जीव कचेरीमागच्या दगडी चर्चमध्ये. सत्तेचाळीस साली गोरे साहेब बोटीत बसले आणि एवढ्या मोठ्या वास्तूत उपासनेला उरली मोजकी घरं. ती कापसाच्या व्यापाऱ्याला गाठी ठेवायला द्यायची, असं चर्चच्या वरिष्ठांनी जवळपास ठरवलंच होतं. भाऊंची झोप उडाली. चर्च वापरात दिसावं म्हणून त्यांनी बाकं भिंतीला सरकवली आणि मुलींचा शिवणवर्ग आत आणला, वर्तमानपत्रांचं टेबल मांडलं, जिनातल्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातल्या, बायांना अक्षरं शिकवायला मला बसवलं. मंडळीतले वयस्क याकोबनाना भडकले.

"देवना घरमा हाई काय चाली ऱ्हायनं?"

"नाना, देवालाही एकट्याला कंटाळा येत असेल की!" भाऊ म्हणाले.

नाना तरातरा निघून गेले. त्यांच्यामागे बाकीच्यांनीही रविवारी येणं सोडलं. आता तर गाठी येणार हे नक्कीच झालं.

अशात एका दुपारी बायांना वर्गाला बोलवायला मी शहाणपणा करून चर्चची घंटा वाजवली. दोर जुना, घंटा डोक्यात पडेल या भीतीने हळूच एक ठोका, जरा थांबून दुसरा. असे सुटे ठोके तिथे फक्त मयताला देतात, हे ज्ञान मला अख्खी मंडळी पांढऱ्या कपड्यांत दारात उभी राहिल्यावर झालं. याकोबनाना तर कुदळ घेऊन आले होते.

"कोन गयं?"

"माणूस कुणी गेलं नाही, नाना," भाऊ म्हणाले. "मास्तरांची अक्कल गेली. पण ती बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती."

हशा पिकला. तो ओसरल्यावर भाऊंनी आवाज खाली आणला. "मयतले बठ्ठा उनात. हाई चर्च जितं शे तवलोंग कोन येई?"

मयताला सगळे आले, जितेपणी कोण येणार, याचं उत्तर शेवटी नानांनीच दिलं. त्यांनी कुदळ बाहेर टेकवली, आत येऊन माझ्या विद्यार्थिनींशेजारी बसले आणि म्हणाले, "चाला मास्तर, शिकाडा." त्या रविवारी घरं परतली. व्यापाऱ्याने दुसरीकडे गोदाम पाहिलं.

परवा भाऊंसाठी प्रार्थना होती. दाराजवळच्या बाकावर, आल्या-गेल्याला जागा करून देत ते बसायचे. ती जागा निदान त्या दिवशी रिकामी राहावी म्हणून मी गंभीर चेहऱ्याने तिथे रुमाल अंथरला. मागून जिनातली एक अक्का आली. तिने रुमाल उचलून माझ्या हातात दिला.

"मास्तर, तुमना रुमाल पडेल शे," म्हणाली, आणि ऐसपैस बसली.

मी रुमाल डोळ्यांना लावला आणि तिच्यासोबतच्या म्हातारीसाठी थोडा सरकलो.