उशीचं बाळंतपण

आख्ख्या चिकलठाण्यात माझ्यासारखं बाळंत व्हायला कोन्या बाईला जमलं नसंल. पोटात पोराच्या जागी उशी होती, तेवढीच काय ती खोट.

झालं असं, लेकीच्या वेळंला बायको सातव्या महिन्यातच बिडकीनला माहेरी गेली. जाताना एकच गोष्ट मागितली तिनं. "मला आत एकटीला सोडू नका. लई भ्या वाटतं."

"मी हाय की," मी म्हनलं.

मग कळलं, तिचं नाव घातलेल्या दवाखान्यात नवऱ्याला बाळंतपणाच्या खोलीत घेत्यात, पर आधी त्यानं तिथल्या सिस्टरचा क्लास केलेला पायजे. शाळंत मी कधी बसलो नाय. म्हनलं, बायकोपायी हेबी करू.

औरंगपुऱ्यात दवाखान्याच्या गच्चीवर रविवारी क्लास असायचा. समदे जोडीजोडीनं सतरंजीवर बसलेले.

"दादा, बाई कुठंय?" सिस्टरनं विचारलं.

"बिडकीनला."

"मग तुमी एकटे हितं काय करायलाव?"

"शिकायलो."

समदे हसले. पर बाकीच्या बाप्यांना चारचौघात आपल्या बायकोची पाठ चोळायची लाज वाटायली. सिस्टर बेजार झाली. शेवटी तिनं माझ्याच पोटाला उशी बांधली. "झोपा. आता तुमीच बाळंतीण."

मग काय, दर रविवारी माझंच बाळंतपण. कुणी कंबर चोळायचं, कुणी कपाळ पुसायचं. एक रिक्षावाला भाई माझा हात घट्ट धरून म्हनायचा, "घबराव नक्को भाभी, हो जाता." मी बी असा वरडायचो की खऱ्या पोटुशा बाया घाबरायच्या. नाकानं श्वास घ्यायचा, तोंडानं हळूहळू सोडायचा, कळ वाढली की धापा टाकायच्या. हे मला पक्कं आलं. तान्ह्या बाळाची मान कशी धरायची, दूध पाजल्यावर ढेकर कसा काढायचा, हे बाहुलीवर दाखवलं, तर त्या वक्ताला मी बाळंतीण म्हणून उताणाच पडलेलो.

खरं सांगू, मला तिथं जायला आवडायचं. हप्ताभर कंपनीत मशीनचा आवाज, खोलीवर स्टोचा. बायको माहेरी गेल्यापासून माझ्या अंगाला हात लावणारी मानसं म्हंजी तीच. क्लास सुटला की समदे जोडीनं जिना उतरायचे. मी उशी सोडून सिस्टरला द्यायचो. खोलीवर येऊन पिठल्यात मीठ जास्त टाकायचो आन् मीच मला शिव्या द्यायचो. कुणी तरी भांडायला पायजे ना.

दिवस भरले. सासूनं तिला बिडकीनहून आणलं, मी कंपनीतून पळत आलो. आत एकालाच सोडत होते.

"जावईबापू, मी जाते. हे बायांचं काम," सासू म्हनली.

"मामी, माझा क्लास झालाय," मी म्हनलं आन् घुसलो.

बायकोनं मला पाहून हात पुढं केला. आन् मला आठवंना, नवऱ्यानं काय करायचं असतंय. मी तर बाळंतीणच शिकलेलो. तिला कळ आली, ती वरडली, आन् मी कॉटचा दांडा धरून धापा टाकायला लागलो. तिच्यापेक्षा जोरात. सिस्टर खुदकन हसली. बायको हसली नाय.

"तुमी भायेर जा," ती म्हनली. "आईला पाठवा."

सासू आत गेली. दार लागलं. मी बाकड्यावर बसलो. आतून तिचा आवाज आला की हिकडं मी नाकानं श्वास घ्यायचो, तोंडानं सोडायचो, मग धापा. दुसरं काय येतंय मला? तिला ऐकू जात नव्हतं. तरी करत ऱ्हायलो.

फरशी पुसणारी मौशी माझ्यापाशी येऊन थांबली. जरा वेळ बघितलं. मग बादली पायानं सरकवून म्हनली, "दम्याचं वरल्या मजल्यावर बघत्यात. हितं बाळंतिणी हायेत. ऊठ."